शब्दचर्चा : स्टेपनी, डिकी, कझिन ब्रदर... हे इंग्रजी नेमकं कुणाचं?

हरिपूरकर (सांगली)

गाडीच्या जादा चाकाला आपण 'स्टेपनी' म्हणतो. सांगली, मिरज, कराड, कुठल्याही पंक्चरवाल्याकडं जा, दुसरा शब्द कुणाच्या तोंडी नाही. आमच्या कारखान्यात इंग्लंडहून एक साहेब आले होते, त्यांना हा शब्द कळला नाही. त्यावर ऑफिसातल्या एकाचा शेरा, "आपलं इंग्रजी सगळं गावठीच." मला ते पटलं नाही, पण उलट उत्तरही देता येईना.

तर जाणकारांनी सांगावं. स्टेपनी मुळात कुठला? साहेबाला कळला नाही म्हणजे तो चुकीचा धरायचा का? आणि विषय निघालाच आहे तर डिकी, पासआउट, प्रीपोन, आउट ऑफ स्टेशन, कझिन ब्रदर यांचाही निकाल लावून टाका.

गॅरेजवाला

स्टेपनी म्हंजे स्टेपनी. टपावर असू दे न्हायतर बुडाखाली, शब्द एकच. त्याचा अजून एक अर्थ गावात चालतोय, पण तो हितं नको, बायाबापड्या वाचत्यात.

यवतेश्वर (सातारा)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या ऑफिसातल्या माणसाला जरूर वाचून दाखवा. स्टेपनी हे वेल्समधल्या एका रस्त्याचं नाव. दक्षिण वेल्समध्ये लानेली नावाचं गाव आहे, तिथला स्टेपनी स्ट्रीट. त्या रस्त्यावरच्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास मोटारीसाठी एक जादा चाक काढलं. तेव्हाच्या मोटारींना जादा चाक नसायचंच. टायर बसला की रस्त्याच्या कडेला ट्यूब काढून ठिगळ लावत बसायचं. डेव्हिसांचं चाक म्हणजे आरे नसलेली नुसती धाव आणि तिच्यावर हवा भरलेला टायर. पंक्चर झालेल्या चाकाला ते बाजूनं जखडायचं आणि गाडी पुढं काढायची. माल साम्राज्यभर खपला आणि मालाबरोबर नावही गेलं. पुढं मोटारीच जादा चाक घेऊन कारखान्यातून बाहेर पडू लागल्या, स्टेपनीची गरज संपली आणि ब्रिटनमध्ये लोक नाव विसरले. आपण विसरलो नाही. माल्टा बेटावर विसरले नाहीत. ब्राझीलच्या पोर्तुगीज भाषेत तर त्याचं 'एस्तेपी' झालं आणि आजही चालतं.

म्हणजे तुमच्या साहेबांना जो शब्द कळला नाही तो त्यांच्याच मुलखातला आहे.

डिकीचंही तेच. जुन्या ब्रिटिश मोटारींना मागच्या अंगाला एक उघडमीट करणारी बैठक असायची, तिला डिकी सीट म्हणत. बैठक गेली, जागा सामानाला राहिली. ब्रिटिशांनी त्या जागेला 'बूट' म्हटलं, अमेरिकनांनी 'ट्रंक', आपण डिकीच ठेवलं आणि नंतर ते स्कूटरच्या पेटीलाही लावलं.

'आउट ऑफ स्टेशन' मधलं स्टेशन रेल्वेचं नव्हे. कंपनीच्या काळात जिथं गोरे अधिकारी नेमणुकीवर राहायचे त्या गावाला 'स्टेशन' म्हणायचे. साहेब दौऱ्यावर किंवा शिकारीला गेला की तो स्टेशनबाहेर. त्या अर्थानं सातारा रेल्वे येण्याच्या कितीतरी आधीपासून स्टेशन होतं. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात ही नोंद आहे. आज कराडचा कारकून 'आउट ऑफ स्टेशन असल्याने हजर राहू शकलो नाही' असा इंग्रजी अर्ज देतो, तेव्हा तो एकोणिसाव्या शतकातल्या कलेक्टर कचेरीचं इंग्रजी लिहीत असतो. 'डू द नीडफुल' सुद्धा त्याच दप्तरातलं. एके काळी लंडनच्या व्यापारी पत्रांत ते सर्रास असायचं.

मला वाटतं आपण ज्याला गावठी म्हणतो त्यातलं पुष्कळसं खरं तर जुनं असतं. भाषा जिथून निघते तिथं ती बदलत राहते आणि लांबच्या गावी गेलेले शब्द तिथं मागे राहतात. अमेरिकन लोक 'गॉटन' म्हणतात, शरद ऋतूला 'फॉल' म्हणतात. ब्रिटिश माणूस त्यावर नाक मुरडतो, पण ही दोन्ही रूपं अटलांटिकपलीकडं गेली ती इंग्लंडमधूनच.

हरिपूरकर

हे झकास आहे. उद्याच प्रिंट काढून नोटीस बोर्डाला लावतो. पण प्रीपोन? तो तर आपणच काढलेला ना? पासआउटचंही सांगा.

यवतेश्वर

प्रीपोन घराघरांत नेला आपणच, याबद्दल वाद नाही. शाळेपासून हायकोर्टापर्यंत तारखा प्रीपोन होतात. पण गंमत अशी की १९१३ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ला एका वाचकानं पत्र लिहिलं होतं, की पोस्टपोनच्या उलट अर्थाचा 'प्रीपोन' हा शब्द मी घडवतो आहे, वकील मंडळींना उपयोगी पडेल. तिथं कुणी उचलला नाही. आपल्याकडं लोकांनी तोच शब्द पुन्हा स्वतःच्या गरजेनं घडवला आणि तो टिकला. आज ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात आहे. बाहेरच्या इंग्रजीत याच्यासाठी दोन-तीन शब्द जोडून बोलावं लागतं.

पासआउट लष्करी आहे. प्रशिक्षण संपवून छात्र संचलन करत अकादमीबाहेर पडतात, ते 'पासिंग आउट'. देशातली पहिली सैनिक स्कूल १९६१ साली साताऱ्यातच निघाली आणि आपल्या जिल्ह्यात एका गावाच्या नावातच 'मिलिटरी' आहे (अपशिंगे मिलिटरी). तेव्हा हा शब्द इथं रुजला यात नवल नाही. पुढं तो बीए, बीकॉम, आयटीआय सगळ्यांना लागला. अडचण एवढीच की अमेरिकन माणसाला 'मी २०१५ साली पासआउट झालो' म्हणजे २०१५ साली मी चक्कर येऊन पडलो असं ऐकू येतं. बायोडेटा परदेशी जाणार असेल तर तिथं 'ग्रॅज्युएट' घालावं.

लष्कराचा विषय निघालाच आहे तर आपल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी असलेले पलटण, रंगरूट, अर्दली हेही त्याच वाटेनं आलेले. रंगरूट म्हणजे रिक्रूट. पलटण बटालियनवरून आली की प्लाटूनवरून, यावर पंडितांत वाद आहे. आणि पहाऱ्यावरचा शिपाई अंधारात जे 'हुकुमदार!' म्हणून ओरडायचा, ते 'हू कम्स देअर'. यांना आता इंग्रजी म्हणण्यात अर्थ नाही. पाटलोण, ठेसन, टिनपाट यांच्यासारखे ते मराठी होऊन बसलेत.

विटेकर

सर, एक भर घालतो. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली पुष्कळ माणसं सोनं-चांदीच्या गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगलीत. मी बरीच वर्षं तमिळनाडूत काढली. तिथं शेजारच्या सराफानं त्याच्या पाहुण्याची ओळख करून दिली, "माय को-ब्रदर." मला वाटलं भागीदार असंल. बायको-बायको सख्ख्या बहिणी निघाल्या. म्हंजे साडू! आणि जावेला तिकडं को-सिस्टर म्हणतात. इंग्रजांच्या भाषेत साडूला शब्दच नाही. मेव्हणा, दीर, साडू, दाजी सगळे ब्रदर-इन-लॉ. मग पंगतीत मान कुणाला द्यायचा?

वाईकर ताई

वरचं सगळं वाचायला छान आहे. पण मी हायस्कूलला इंग्रजी शिकवते आणि पोरानं 'माय कझिन ब्रदर' लिहिलं की खाली लाल रेघ ओढते. कझिनमध्ये भाऊ आलाच. तुम्ही इथं त्याला इतिहास आणि मानमरातब द्याल, आणि बोर्डाच्या पेपरात मार्क माझ्या मुलांचे जातील. खेड्यातल्या मुलाला आधी प्रमाण इंग्रजी मिळू दे, मग त्याला वाण आणि उपवाण शिकवा. पुण्या-मुंबईच्या मुलांना दोन्ही येतात, म्हणून त्यांना ही चैन परवडते.

यवतेश्वर

ताई, तुमचा मुद्दा वजनदार आहे, त्याला थातुरमातुर उत्तर देत नाही. आधी शब्दाचं बघू.

आपल्याकडं चुलत, मावस, आते, मामे अशी चार भावंडं. त्यातही चुलत आणि मावस ही बहीणभावंडंच. मामाची मुलगी मात्र करून घ्यायची रीत पुष्कळ समाजांत होती, अजून काही ठिकाणी आहे. म्हणजे जिच्याकडून राखी बांधून घ्यायची ती आणि जिच्या गळ्यात माळ घालायची ती, दोघी इंग्रजीच्या हिशेबानं एकाच 'कझिन'च्या गोणीत. आपल्या माणसाला ते गैरसोयीचं वाटलं, म्हणून त्यानं पुढं ब्रदर, सिस्टर जोडलं. खरं सांगायचं तर ते जोडूनही आपला मूळ भेद उतरत नाही, कारण आपण मामेभावालाही कझिन ब्रदरच म्हणतो. उतरतं ते इतकंच की हा परका नव्हे, भाऊ आहे, आणि तो मुलगा आहे.

आणि हे फक्त आपलं खूळ नाही. ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या इंग्रजीतही 'कझिन ब्रदर', 'कझिन सिस्टर' आहे. त्यांनी आपल्याकडून घेतलं नाही, आपण त्यांच्याकडून नाही. त्यांच्याही भाषांत बापाच्या भावाची मुलं म्हणजे सख्ख्या भावंडांसारखीच. नात्याची वीण मिळतीजुळती, म्हणून दोन टोकांना एकच शब्द घडला.

आता मार्कांचं. लाल रेघ ओढा, माझी हरकत नाही. पण बाजूला 'चूक' लिहू नका. 'पेपरात असं लिहीत नाहीत' एवढं सांगा. घरी आजीशी एक बोली आणि निबंधात प्रमाण मराठी, हे आपली मुलं रोज सहज करतात. इंग्रजीत त्यांना ते जमणार नाही असं का धरायचं?

वाईकर ताई

चाळीस वह्यांवर एवढं वाक्य लिहायला वेळ कुणाला आहे, सर. पण वर्गात तोंडी सांगेन. साडूचं उदाहरणही वापरते.

तासगावकर

आमचा अनुभव वेगळाच हाय. द्राक्षाचा कंटेनर नेदरलँडला जातो. तिकडच्या व्यापाऱ्याशी फोनवर बोलायचं तर माझं इंग्रजी तासगावचं, त्याचं डच वळणाचं. दोघंही सावकाश, मोजके शब्द. आजवर भावात वाद झाला, भाषेत न्हाई. अडचण आली ती स्कॉटलंडच्या ग्लासगोहून एक जण बोलायला लागला तवा. पिढीजात इंग्रजी बोलणारा तो एकटाच, आणि कुणालाच कळंना तोबी एकटाच! डच माणूसच शेवटी मला सांगाय लागला, तो काय म्हणतोय ते.

आन बागेतलं इंग्रजी बघायचं तर 'डाऊनी आलाय', 'सबकेन केली', 'थिनिंगला बाया लावल्या', 'डिपिंग झालं'. हे साहेबाला कळंल का?

यवतेश्वर

कळणार नाही, आणि 'डाऊनी' तर मुळीच नाही. पूर्ण नाव डाऊनी मिल्ड्यू. डाऊनी म्हणजे नुसतं 'बारीक लव असलेला'. आपण विशेषण ठेवलं आणि रोगाचं नाव टाकून दिलं. तरी तासगावपासून नाशिकपर्यंत बागायतदाराला एका शब्दात सगळं कळतं. तुमच्याकडचा 'एक्सपोर्ट' हाही असाच. माल बाजारात इथंच विकला तरी 'एक नंबर एक्सपोर्ट माल' म्हणतात. तिथं त्याचा अर्थ निर्यात नव्हे, प्रत.

ग्लासगोच्या गोष्टीवर अभ्यास झालेला आहे. जेनिफर जेंकिन्स या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ बाईंनी २००० साली मांडलं की ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही असे दोघे आपसांत बोलतात तेव्हा नेमकं कुठं अडतं. 'थ' चा अस्सल उच्चार आला नाही तरी काही बिघडत नाही. बिघडतं ते स्वराच्या लांबीत. शिप आणि शीप, जहाज की मेंढी. इथं मात्र आपण सावध राहायला हवं. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ इ-उ लिहिताना आपण जिवाचा आटापिटा करतो, पण बोलताना त्यावरून अर्थ क्वचितच बदलतो. त्यामुळं माण-खटावचा मेंढपाळ बोटीवर नोकरीला लागला तर गोंधळ ठरलेला.

आकडे बघा. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे असे जगात ४० कोटींच्या आसपास. कामापुरती का होईना ती वापरणारे सगळे मिळून दीडशे कोटींच्या घरात. भारतात २०११ च्या जनगणनेत इंग्रजी मातृभाषा सांगणारे अडीच लाखांच्या वर थोडेसेच, आणि तरी कोर्ट, कॉलेज, कंपन्या सगळं तिच्यावर चालतं. ब्रज काचरू म्हणून काश्मिरी विद्वान होते, श्रीनगरचे, पुढं अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात होते. त्यांनी १९८५ साली तीन वर्तुळं मांडली. आतलं वर्तुळ ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया वगैरेंचं. बाहेरचं भारत, नायजेरिया, सिंगापूर यांचं, जिथं इंग्रजी राज्यकर्त्यांबरोबर आली आणि घरची झाली. आणि पसरणारं वर्तुळ चीन, जपान, युरोप यांचं, जिथं ती शिकून घेतलेली. त्यांचं म्हणणं, बाहेरच्या वर्तुळाला स्वतःचे नियम असतात, ते आतल्यांना विचारून ठरत नाहीत. या मांडणीवर टीकाही झाली, कारण देश म्हणजे काही सरसकट एक नसतो. पाचगणीच्या बोर्डिंगमधलं पोर आणि खाली वाईच्या बाजारातलं पोर एकाच वर्तुळात कसं बसवणार? तो घाट उतरायला अर्धा तास लागत नाही.

दहिवडीकर (सध्या मेलबर्न)

हॉटेलचा किस्सा सांगतो. आपल्याकडं हॉटेल म्हणजे चहा, मिसळ, राइसप्लेट. राहायचं असेल तर लॉज. इथं नवीन आलो तेव्हा कोपऱ्यावर मोठी पाटी बघितली, 'हॉटेल'. पोटात कावळे. आत शिरलो तर निव्वळ दारूचा गुत्ता! पूर्वी इथं दारूच्या परवान्यासाठी राहायच्या खोल्या ठेवाव्या लागायच्या, म्हणून गुत्त्यांची नावं हॉटेल पडली ती तशीच राहिली. कामावर केनियाचा एक सहकारी आहे. त्यांच्या स्वाहिलीत 'होतेली' म्हणजे साधी खानावळ. आम्हा दोघांचं एकमत झालं की हॉटेलचा खरा अर्थ ऑस्ट्रेलियाला कळलेला नाही.

गॅरेजवाला

साउथ आफ्रिकेत सिग्नलला 'रोबो' म्हणत्यात. आमच्या भाच्यानं सांगितलं, तो तिकडं डंपर चालवतोय. "रोबोला डावीकडं वळ" म्हटल्यावर ते येडं माणसासारखं यंत्र हुडकत बसलं.

हरिपूरकर

थांबा, मला एक शंका आहे (ऑफिसात याला 'डाऊट' म्हणतात). सगळंच बरोबर असेल तर मग इंग्रजीत चूक म्हणून काही उरलंच नाही?

यवतेश्वर

उरलं की. स्टेपनी म्हटल्यावर पंक्चरवाला, ड्रायव्हर, विम्याचा माणूस सगळ्यांना एकच वस्तू दिसते, तेव्हा तो शब्द खणखणीत आहे. एखाद्यानं घाईत काळ-वचन बिघडवलं आणि समोरच्या आपल्याच माणसालाही अर्थ लागला नाही, तर ती चूक. साहेबाला कळतं की नाही ही वेगळी बाब आहे, तिच्यासाठी 'स्पेअर व्हील' हा शब्द माहीत असला म्हणजे झालं. मला राग येतो तो एकाच गोष्टीचा. आपले शब्द ऐकून साहेब हसत नाही इतकं आपलीच शिकलेली माणसं हसतात. सिंगापूर सरकारनं २००० साली 'चांगलं इंग्रजी बोला' अशी मोहीम काढली, लोकांच्या सिंग्लिशवर उपाय म्हणून. सिंग्लिश काही संपली नाही. वाक्याच्या शेवटी त्यांचा तो 'ला' येतोच. 'कॅन ला.' आपल्या सांगलीकडच्या माणसाला तो शिकवावा लागणार नाही.

विटेकर

चालतंय की!

यवतेश्वर

तोच तो. सूर, लकब, बेफिकिरी, सगळं.

वाईकर ताई

उलट दिशेनंही सांगा कुणीतरी, मुलांना आवडतं. मराठीनं इंग्रजीला काय दिलं?

यवतेश्वर

मुंगूस! इंग्रजी 'मंगूस' मराठीतून गेला असं त्यांचे कोशच सांगतात. इंग्रजीत 'गूस' म्हणजे हंसासारखा पक्षी, त्याचं अनेकवचन 'गीस', म्हणून मंगूसचं 'मंगीस' करायचा मोह त्यांच्याच पोरांना होतो. तिथं ते लाल रेघ ओढतात. अलीकडचं म्हणजे २०१९ साली ऑक्सफर्डच्या कोशात चड्डी दाखल झाली, 'चडीज' अशा अनेकवचनी रूपात. ती मात्र ब्रिटनमधल्या भारतीय-पाकिस्तानी घरांतून गेली, त्याचं श्रेय आपण एकट्यानं घेऊ नये.

दहिवडीकर

नायजेरियन लोकांचा एक शब्द मला फार आवडतो, 'नेक्स्ट टुमॉरो'. उद्याच्या पुढचा दिवस. २०२० साली ऑक्सफर्डनं नायजेरियन इंग्रजीचे शब्द घेतले त्यात हाही आहे. बाकीच्या इंग्रजीला त्यासाठी 'द डे आफ्टर टुमॉरो' एवढं लांबण लावावं लागतं.

हरिपूरकर

आपल्याकडं एका शब्दात काम होतं, 'परवा'.

तासगावकर

कुठलं काम? परवा म्हंजे मागचा का फुडचा? मागच्या आठवड्यात डेपोच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं, 'परवा गाडी रद्द'. आमचा म्हातारा अर्धा तास त्येच्या फुडं हुबा हुता.